संशोधनाच्या नावाखाली आला आणि आमच्या चांदी गाईचा दोन महिन्यांचा गाभ पाडून गेला

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं. घरचे म्हणत होते कशाला आपली फजिती चारचौघांत सांगायची, झालं ते झालं. पण परवा मेव्हण्याचा फोन आला, त्यांच्या गावात पण पांढरी गाडी येऊन गेली म्हणे, गाईंच्या वंध्यत्वावर संशोधन चाललंय, नावं नोंदवून घेतली, आणि मग काही राहवलं नाही.

आम्ही संगमनेरकडचे. दोन एकर बागायत, चार एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीन संकरित, गाई, घास मका घरचा. घरखर्च, पोरीची फी सगळं दुधाच्या दहा दिवसांच्या पगारावर. चारपैकी दोन गाई अडचणीतल्या होत्या, लक्ष्मी तीनदा भरवली, म्हणजे कृत्रिम रेतन केलं, तीनदा उलटली, गाभण न राहता परत माजावर आली, गोदीची मागच्या वेताला वार अडकली होती तेव्हापासून ती धड माजच दाखवत नव्हती. कपिली ठीक होती. आणि चांदी २० नोव्हेंबरला सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी भरवली होती, उलटली नव्हती, फक्त तपासायची राहिली होती. हे चांदीचं नीट लक्षात ठेवा.

जानेवारीत तो आला. चाळिशीचा माणूस, पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, सोबत एक पोरगा आणि गाडीत नायट्रोजनचा कंटेनर. बोलणं एकदम गोड. म्हणाला परदेशी कंपनीचं जनावरांच्या प्रजननावर संशोधन चालू आहे, तुमच्या गावातले फक्त दहा गोठे निवडलेत, सेक्स सॉर्टेड सीमेनची कांडी, म्हणजे मादी वासरू व्हावं म्हणून वेगळं काढलेलं वीर्य भरलेली बारीक नळी, वापरणार, शंभर टक्के कालवड, गाय गाभण राहिल्याचा रिपोर्ट आला की मगच अर्धे पैसे. लॅपटॉपवर कसले कसले आलेख दाखवले. एका गाईचे ३,५०० रुपये, वर गर्भाशय साफ करायची पावडर १,२०० ची. चार गाईंचे मिळून १८,८०० झाले.

आता कुणी म्हणेल एवढे पैसे दिलेच कसे. दादांनो, ज्याच्या दावणीला गोऱ्हा जन्मतो त्यालाच कळतं. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कोण घेतो, २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर गोऱ्ह्याला गिऱ्हाईक उरलं नाही, दूध पाजून वाढवायचा आणि करायचं काय. कालवड झाली तर गोठा वाढतो. त्यात सॉर्टेड सीमेन ही खरीच गोष्ट आहे हे मला माहीत होतं, ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या वाशिमलाच देशी बनावटीच्या तंत्रज्ञानाचं उद्घाटन झालं होतं, पेपरात वाचलं होतं कांडी साधारण २०० रुपयांनी स्वस्त होणार म्हणून. त्यामुळं तो जे बोलत होता ते ऐकलेलं वाटलं. असल्या माणसाच्या बोलण्यात निम्मं खरं असतं, म्हणूनच आपण अडकतो.

१८ जानेवारीला त्यानं चारही गाईंना माजावर आणायचं इंजेक्शन दिलं. मी म्हटलं साहेब चांदी नोव्हेंबरात भरवलीय, उलटली नाही. त्यानं मिनिटभर हात घातला आणि म्हणाला रिकामी आहे, द्या. मी गप्प बसलो. आजही रात्री जाग आली की तो क्षण आठवतो, तेव्हा दोन शब्द जास्त बोललो असतो तर.

तिसऱ्या दिवशी चारही गाई भरवल्या. गोदीचा तर सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, पण नव्हता तरी भरवली. त्यानं कंटेनरचं झाकण काढलं तेव्हा मी जवळच उभा होतो, दवाखान्यातल्या कंटेनरमधून कसा पांढरा धूर बाहेर येतो तसा काहीच आला नाही. कांडी काढून त्यानं दोन्ही तळव्यांत चोळली, गन लावली, झालं. पोरानं रिकाम्या कांड्या त्यांच्याच पिशवीत टाकल्या, एक खाली पडली ती माझ्या मुलानं उचलून गोठ्याच्या खिडकीत ठेवली, नंतर तीच कामाला आली.

पाचव्या दिवशी पहाटे धारेला गेलो तर चांदी शेपटी वर करून अस्वस्थ उभी. खाली गव्हाणीमागं गटारात पातळ पडद्यात गुंडाळलेलं काहीतरी पडलं होतं. बॅटरी मारली. उंदराएवढं. डोकं दिसत होतं, डोळ्याच्या जागी काळे ठिपके, चार बारीक पाय पोटाशी धरलेले. बायको मागं उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. त्याला फोन केला तर म्हणाला घाबरू नका, जुनी घाण बाहेर पडली, गर्भाशय साफ झालं, हेच तर पाहिजे होतं. आणि आम्ही ऐकलं. बांधावर खड्डा खणून पुरून टाकलं.

पुढं २१ व्या दिवशी लक्ष्मी जरा हंबरली, मी दुर्लक्ष केलं. ३५ दिवसांनी तो रिपोर्टला आला. वाटीत गाईचं मूत घ्यायला लावलं, वाट्या घेऊन गाडीकडं गेला, दहा मिनिटांनी चार पट्ट्या घेऊन आला, प्रत्येकीवर दोन लाल रेघा. चारही गाई गाभण. बायकोनं गूळ वाटला. उरलेले पैसे तिथंच मोजून दिले.

मग ४२ व्या दिवशी लक्ष्मी चांगलीच माजावर आली, दुसऱ्या गाईवर उड्या, काचेसारखा सोट. फोन केला तर म्हणाला गाभण गाई पण कधी कधी माज दाखवतात, अजिबात भरवू नका, गर्भ पडेल. आता हे खोटं नाही हो, थोड्या गाभण गाई माज दाखवतात आणि तेव्हा भरवली तर गाभ पडू शकतो, नंतर डॉक्टरांनी पण सांगितलं. पण त्या खऱ्या गोष्टीच्या आडून त्यानं आमचे एकामागं एक माज वाया घालवले. मार्चअखेरीस फोन बंद.

उघडं पडलं ते माझ्या वहिनीमुळं. वहिनी गावात आशा सेविका आहे. एप्रिलमध्ये घरी आली होती, खिडकीत त्या पट्ट्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, मी कौतुकानं दाखवल्या. तिनं एक पट्टी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाली भाऊजी ही बायकांची पट्टी आहे, आम्हाला गरोदरपण तपासायला मिळतं त्या निश्चय किटमध्ये अशीच येते. ती पट्टी बाईच्या लघवीतलं एचसीजी नावाचं हार्मोन पकडते, गाईत ते नसतंच. म्हणजे त्या दोन रेघा आमच्या गाईच्या मुतावर आल्याच नव्हत्या, गाडीत बसून त्यानं दुसऱ्याच कशावर तरी आणल्या होत्या. मी ओट्यावर बसलो तो तासभर उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी डॉक्टर आले. हात घालून तपासलं. चारही रिकाम्या, गोदीच्या गर्भाशयात पू. गोदीचं आधीपासूनच बिघडलेलं होतं हे मान्य, पण उपचाराच्या जागी तिला भरवून अजून घाण आत घातली. मग डॉक्टरांनी चांदीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर मोबाईलवर टाकला, २० नोव्हेंबरची नोंद निघाली. मी घाबरत घाबरत त्या पहाटेचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, इंजेक्शन दिलं तेव्हा बरोबर ५९ दिवसांची गाभण होती, दोन महिन्यांचा गर्भ उंदराएवढाच असतो. ते इंजेक्शन प्रोस्टाग्लँडिनचं. अंडाशयावर जे पिवळं पिंड गर्भ धरून ठेवतं तेच ते विरघळवतं, रिकाम्या गाईला माज येतो आणि गाभणीचा गाभ पडतो. म्हणून नीट तपासल्याशिवाय हे इंजेक्शन कुणालाही देऊ द्यायचं नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. अजून एक, हे औषध बाईमाणसाच्या अंगावर सांडलं तर कातडीतून आत जातं, पोटुशी असेल तर तिलाही धोका, दम्याच्या माणसालाही. त्यानं रिकाम्या बाटल्या माझ्या बायकोच्या हातात दिल्या होत्या फेकायला.

खिडकीतली कांडी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बारीक छपाई वाचली, वळूचा नंबर, जात, तारीख. जर्सीच्या वळूची साधी कांडी. सॉर्टेड असती तर तसं छापलेलं असतं म्हणाले. आणि धूर निघाला नाही म्हणजे कंटेनरमध्ये नायट्रोजनच संपलेला, उणे १९६ अंशात ठेवायची वस्तू ती, आतलं सगळं मेलेलं. कांडी तळव्यावर चोळत नाहीत, ३७ अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतात, थर्मास आणि थर्मामीटर नसेल त्याला गाईला हात लावू देऊ नका.

खरं संशोधन काय हे मला त्या दिवशी कळलं. कालवडीचा शुक्राणू गोऱ्ह्याच्या शुक्राणूपेक्षा डीएनएनं जेमतेम चार टक्के जास्त असतो, तेवढ्या फरकावर रंग लावून लेसरखाली एकेक वेगळा काढतात. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात १९८० च्या दशकात हे बसवलं. एवढं करूनही कालवड साधारण ९० टक्केच, शंभर कुणीच सांगू शकत नाही. साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू, सॉर्टेडमध्ये वीस लाखाच्या आसपास, त्यामुळं गाभण राहायचं प्रमाण उलट कमी. म्हणून ती कांडी निरोगी, वेळेवर माजावर येणाऱ्या गाईला किंवा कालवडीला वापरायची. आमच्या लक्ष्मीसारख्या तीनदा उलटलेल्या गाईला जो सॉर्टेड कांडी सुचवतो त्याला एक तर कळत नाही नाहीतर तो लुबाडतोय. आणि गाभण तपासणी हातानं दोन-तीन महिन्यांनी, सोनोग्राफीनं महिनाभरात. रक्ताच्या, दुधाच्या चाचण्या पण असतात. पण वाटी गाडीमागं नेऊन नाही, तुमच्या डोळ्यासमोर. भरवल्यावर कांडी मागून घ्या, तिचा फोटो काढा, बिल्ल्यावर नोंद करायला लावा. हे मागितल्यावर जो चिडतो त्याला तिथूनच वाटेला लावा. शंका आली तर १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करा, पैसे लागत नाहीत.

पोलिसात अर्ज दिलाय, पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडं पण दिलाय, कांडी आणि पट्ट्या सोबत जोडल्या. त्यानं निवडलेल्या दहा गोठ्यांपैकी माझ्याशिवाय दोघांनीच सही केली. बाकीचे म्हणतात नाव नको. मी कुणाला दोष देत नाही, पण तुमच्यापैकी कुणाकडं तो येऊन गेला असेल तर पट्टी, पावडरची पिशवी, फोन नंबर, काहीही असू द्या, फेकू नका, घेऊन या, माझ्या अर्जाला जोडू.

गोदीला औषधपाणी करून पण गुण आला नाही, विकायला मन होत नाही म्हणून बांधून आहे. लक्ष्मी साध्या कांडीवर राहिली. चांदी पोळ्याच्या सुमारास व्यायली असती, ती मेमध्ये परत भरवली, मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी माझ्यासमोर तपासली आणि होकाराची मान हलवली. बायको तेव्हा गोठ्याच्या दारात उभी होती, आत आली नाही, तिथूनच विचारलं, नक्की ना?