बाहात पैसे भरावेत का? शेडवाल्या काकांचं मत

भोसरी एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. हंगाम आला की इंजिनिअरिंगची पोरं पाइप खांद्यावर टाकून दारात हजर. 'काका, आर्गॉन वेल्डिंग मारायचंय, अर्जंट आहे.' मागून पालकांचे फोन येतात: या बाहा एसएईइंडिया स्पर्धेत पोरगं खरंच काही शिकतं, की नुसते पैसे जातात?

एका माणसाची, खाचखळग्यांतून पळणारी गाडी कॉलेजच्या टीमने डिझाइन करून बांधायची, अशी ही स्पर्धा. अमेरिकेत 1976 पासून, आपल्याकडे 2007 पासून एसएईइंडिया ही वाहन इंजिनिअरांची संस्था ती भरवते. पहिली इंदूरजवळ पिथमपूरला झाली. पेट्रोल गटात इंजिन सगळ्यांना सारखंच. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली नाहीत, तर चार तासांच्या एन्ड्युरन्सला, म्हणजे गाडीचा दम पाहणाऱ्या शर्यतीला, उतरायचं विसरा. डिझाइन आणि कॉस्ट रिपोर्टचे (गाडीच्या खर्चाच्या हिशोबाचे) मार्क वेगळे.

माहितीपत्रकात 'लीडरशिप' ठळक छापलेलं असतं. मला ती दिसली वेल्डच्या नमुन्यात. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा सांगाडा, ज्याच्या हातची, त्याच्याच हातचे नमुने तपासणीला न्यावे लागतात. त्यातला एक तोडून दाखवायचा. तुटला तर पाइप तुटावा, जोड नाही. एका टीमच्या कॅप्टन मुलीने नमुना व्हाइसमध्ये धरून हातोडा घातला, तर जोडच सुटला. वेल्डिंग टीममधल्याच एका पोराचं होतं. दोघंतिघं म्हणाले, दुसरा नमुना करून नेऊ, फ्रेम तर उभी राहिलीय. ती म्हणाली, 'फ्रेमही यानेच मारलीय ना?' विषय संपला. ते सगळे जोड कापले. त्या पोराला तिने हाकललं नाही, माझ्या वेल्डरशेजारी बसवलं आणि परत त्यालाच वेल्डिंगची टॉर्च दिली. लीडरशिपच्या सेमिनारला बसून हे येतं, असं मला कुणी सांगू नये.

पण सगळ्याच टीम अशा नसतात. काही ठिकाणी चार पोरं राबतात, बाकीची टी-शर्ट घालून फोटोत. मुली आल्या की त्यांच्या गळ्यात कॉस्ट रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन, ग्राइंडर कुणी हातात देत नाही (वरची कॅप्टन अपवाद, आणि तिलाही तो भांडूनच मिळाला असणार). मला सर्वांत खटकतं ते हे, की सीनियर पास होऊन गेले की वही-फाइल काही मागे राहत नाही. नवी बॅच तेच जुने प्रश्न घेऊन येते आणि तोच पाइप पुन्हा चुकीचा वाकवते. मागून येणाऱ्याला तयार करणं हे कॅप्टनचं काम, पण त्याची फिकीर फार थोड्यांना.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. पोराला हात काळे करायची हौस असेल तर खुशाल पाठवा. सर्टिफिकेटसाठी असेल तर राहू द्या. पैसे भरण्याआधी टीमकडे गेल्या वर्षीचा कॉस्ट रिपोर्ट मागा. तो कुठे आहे हेच कुणाला सांगता आलं नाही, तर चेकबुक खिशातच ठेवा.