जीआर यारिस: एक हिवाळा, एक उन्हाळा आणि चार टायरचं बिल
जपानच्या सप्पोरोत टोयोटाची जीआर यारिस वापरतोय; छोटी, वेगवान आणि चारही चाकांना जोर देणारी (फोर व्हील ड्राइव्ह) गाडी. २०२० चं आरझेड मॉडेल, १.६ लिटर इंजिन, २७२ पीएस (अश्वशक्ती). बाकी आकडे तुम्हाला पाठ असतीलच, म्हणून थेट टायरवर येतो.

रस्त्यात पडलेल्या लोखंडी पट्टीने एका टायरची बाजू फाटली. एकाच! दुकानदाराने उरलेल्या तिघांची झीज मोजून दाखवली आणि म्हणाला, चारही बदला. त्याचं चूक नव्हतं. टायरचा घेर कमीजास्त असला की पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मागे जोर पोचवणारा क्लच सरळ रस्त्यावरही घसरत, तापत राहतो. २२५/४० आर १८ मापाचे चार टायर म्हणजे खिशाला केवढी कात्री! फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त पुढच्या चाकांवर चालणारी असती तर जोडीवर भागलं असतं.

हिवाळ्यात मात्र याच गाडीच्या प्रेमात पडलो होतो. सप्पोरोजवळच्या नाकायामा घाटात बर्फ दाबून काचेसारखा झालेला, पुढची गाडी चढावर जागच्या जागी चाकं फिरवतेय, आणि ही दुसऱ्या गिअरमध्ये सरळ निघाली. जोराची वाटणी ठरवणारा डायल स्पोर्टवर नेला की ७० टक्के जोर मागच्या चाकांना जातो; वळणातून निघताना तो रेटा थेट पाठीला जाणवतो. तेव्हा मी भेटेल त्याला सांगायचो, प्रत्येक हॉट हॅचला, म्हणजे अशा छोट्या वेगवान गाडीला, फोर व्हील ड्राइव्ह द्यायलाच हवं.

आता तसं म्हणणार नाही. उन्हाळाभर मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरसंचाचं) वजन नुसतं वाहून नेलं, आणि डिकी जेमतेम १७४ लिटरची, आठवड्याचा बाजारही धड मावत नाही. होंडाची सिव्हिक टाइप आर २०२३ मध्ये जर्मनीच्या नुर्बुर्गरिंग शर्यतमार्गावर ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांत फेरी मारून आली, तीही फक्त पुढच्या चाकांवर. कोरड्या रस्त्याला चांगला एलएसडी (एकच चाक फुकट फिरू न देणारा डिफरन्शियल) पुरतो.

पण निवड आमच्या हातात द्या ना! जपानमध्ये साधी स्विफ्ट फोर व्हील ड्राइव्हमध्ये मिळते, स्विफ्ट स्पोर्ट मात्र तशी कधीच मिळाली नाही. टोयोटाने जीआर यारिसची फ्रंट व्हील ड्राइव्ह आरएस काढली, ३९.६ लाख येनच्या आरझेडसमोर २६.५ लाखांत, पण १.५ लिटर इंजिन आणि सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा प्रकार) लावून. पैसे वाचवायचे तर इंजिनही सोडा, हा कुठला न्याय? मला हेच इंजिन, हाच गिअरबॉक्स आणि फक्त पुढची चाकं अशी गाडी मिळाली असती तर बर्फ नसलेल्या गावात डोळे झाकून घेतली असती.

सेकंड हँड बघत असाल तर आधी चारही टायरची झीज मोजून घ्या. एक नवा आणि तीन जुने दिसले तर मागच्या डिफरन्शियलचं तेल तपासल्याशिवाय भावाचं बोलू नका.