वाहन डॅशबोर्ड : ऑटोच्या सप्लाय चेनमधल्या प्रत्येकाने बघावी अशी फुकट साइट

चाकण, भोसरी, वाळूज इकडे ऑटोचे पार्ट बनवणारे जे टियर टू, टियर थ्रीवाले (म्हणजे गाडीच्या कंपनीला थेट नाही, तर तिच्या सप्लायरला किंवा त्याच्याही सप्लायरला माल देणारे) आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. मी अशाच एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, पीपीसी (प्रॉडक्शनचं प्लॅनिंग) आणि पर्चेस दोन्ही बघते, टू-व्हीलरचं काम जास्त. प्लॅनिंगसाठी आपण पीएमआय (कंपन्यांच्या पर्चेस मॅनेजरना विचारून काढलेला इंडेक्स) बघतो, आयआयपी (औद्योगिक उत्पादनाचा इंडेक्स) बघतो, घाऊक महागाईचा इंडेक्स बघतो, पण मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा कामाचा आहे रस्ते वाहतूक मंत्रालयाचा वाहन डॅशबोर्ड, म्हणजे आरटीओत रजिस्टर झालेल्या गाड्यांचे आकडे दाखवणारी साइट. पैसे नाहीत, लॉगिन नाही, डायरेक्ट उघडायचा.

आधी याची गरज कुठे पडते ते सांगते. कस्टमरचं चालू महिन्याचं शेड्यूल फर्म असतं आणि पुढच्या दोन महिन्यांचं टेंटेटिव्ह. त्या टेंटेटिव्हच्या भरवशावर आपण सीआर कॉइल (कोल्ड रोल्ड स्टीलच्या पत्र्याचा रोल) बुक करतो, कारण कॉइल काही आज सांगितली आणि उद्या आली असं होत नाही. मग मध्येच मेल येतो, शेड्यूल रिव्हाइज्ड, आणि कॉइल गोडाऊनला पडून, पैसे अडकलेले, बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज चालूच. कस्टमर तरी काय करणार, डीलरच्या यार्डात गाड्या साचल्या की त्याला लाइन कमी करावीच लागते. मग डीलरकडे माल साचतोय हे आपल्याला त्या मेलच्या आधी कळेल का? कळतं, आणि त्यासाठीच हा डॅशबोर्ड.

कंपन्या दर महिन्याच्या १ तारखेला विक्रीचे आकडे देतात ना, ती विक्री म्हणजे कंपनीतून डीलरकडे गेलेला माल. वाहनवर दिसतं ते आरटीओ रजिस्ट्रेशन, म्हणजे खरंच गिऱ्हाईकाच्या दारात गेलेली गाडी. कंपनीच्या आकड्यातून एक्सपोर्ट काढून टाका, उरलेल्यातून रजिस्ट्रेशन वजा करा, जो फरक राहील तो डीलरकडे पडून. एका महिन्याचा फरक बघून घाबरायचं नाही, सणाआधी डीलर स्टॉक भरतोच. पण तीन-चार महिने फरक वाढतच चाललाय आणि रजिस्ट्रेशन काही हलत नाहीये असं दिसलं की मी टेंटेटिव्हची पूर्ण कॉइल उचलत नाही, थोडी बुक करते आणि बाकीचं स्टीलच्या सर्व्हिस सेंटरवाल्याशी (कॉइल कापून देतो तो) बोलून ठेवते.

२०२४ मध्ये कारचं हेच झालं होतं. फाडा म्हणजे डीलरांची संघटना वाहनचाच डेटा वापरते, ते महिनोन् महिने सांगत होते की यार्डं भरलीयत, आणि सप्टेंबरला तर ८०-८५ दिवसांचा स्टॉक पडून होता, जिथे साधारण महिनाभराचा ठीक मानतात. डिस्पॅचच्या, म्हणजे कंपनीतून डीलरकडे गेलेल्या मालाच्या, बातम्या वाचणाऱ्याला सगळं बरं चाललंय असंच वाटत होतं.

२०२५ चं उदाहरण तर अजून भारी आहे. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, ३ सप्टेंबरला कौन्सिलने ठरवलं, ३५० सीसीपर्यंतच्या टू-व्हीलर २८ वरून १८ टक्क्यांवर, लागू २२ सप्टेंबरपासून. आता गाडी स्वस्त होणार हे माहीत असताना कोण आधी घेणार, त्यात पितृपक्ष. म्हणजे सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे बाजार थंड, २२ ला घटस्थापना आणि नवीन दर एकाच दिवशी, आणि मग ऑक्टोबरला सगळ्या प्रकारच्या मिळून ४० लाखांच्या वर गाड्या रजिस्टर झाल्या. त्या थंड आठवड्यांवरून मागणी मेली असं समजून ज्याने कॉइल कॅन्सल केली असेल त्याचं दिवाळीत काय झालं असेल विचार करा. म्हणून आकडा एकटा बघायचा नाही, त्याच्याबरोबर कॅलेंडर आणि सरकारचे निर्णय पण बघायचे. दिवाळी २०२३ ला नोव्हेंबरमध्ये होती, २०२५ ला ऑक्टोबरमध्ये, मग ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना करून काय मिळणार? नवरात्र ते भाऊबीज असा पट्टा धरून तुलना करायची.

वापरायला सोपं आहे. वाय अ‍ॅक्सिसला मेकर, एक्स अ‍ॅक्सिसला महिना, डावीकडे गाडीचा प्रकार किंवा फ्युएल टिक करायचं, रिफ्रेश, आणि एक्सेल उतरवायची. राज्य आणि आरटीओ पण निवडता येतं, म्हणजे एमएच १४ चं वेगळं बघायचं तरी जमतं. चालू महिन्याचा आकडा रोज वाढत जातो पण तारखेप्रमाणे वेगळा मिळत नाही, त्यामुळे रोजची एक्सेल सेव्ह करून आदल्या दिवसाचा आकडा वजा करायची सवय लावा, खरी मजा त्यात आहे.

कमी काय आहे तर मेकर कळतो, मॉडेल कळत नाही, आणि तुमचा पार्ट एकाच मॉडेलला जात असेल तर अंदाजच लावावा लागतो. तेलंगणाचा डेटा यात बरीच वर्षं नव्हता, त्यामुळे जुने आकडे ऑल इंडिया म्हणून वापरताना जपून. रजिस्ट्रेशन गाडी विकल्यावर काही दिवसांनी होतं, तेवढा उशीर धरायचा. ट्रॅक्टर आणि टू-व्हीलर एका बेरजेत टाकू नका, ट्रॅक्टरचं गणित पावसावर आणि पिकाच्या भावावर चालतं.

बाकीचे इंडिकेटर सोडा असं माझं म्हणणं नाही. पीएमआय महिन्याच्या सुरुवातीलाच येतो आणि त्यात सप्लायर डिलिव्हरीला किती वेळ लावतायत हे पण मोजतात. कॉइलच्या भावावरून कस्टमरशी बोलायचं असेल तर १४ तारखेचा घाऊक महागाईचा इंडेक्स, त्यातली स्टीलची लाइन काढा, फक्त तो आकडा आधी प्रोव्हिजनल असतो. आयआयपी आता २८ तारखेला येतो पण तो मागच्या महिन्याचा, तोवर आपली कॉइल बुक होऊन गेलेली असते.

पाचपैकी साडेचार. मॉडेलप्रमाणे आकडे आणि तारखेप्रमाणे डाउनलोड दिलं तर पूर्ण पाच देईन. कोणी कमर्शियल व्हेइकलच्या पार्टसाठी हे वापरत असेल तर डिस्पॅच आणि रजिस्ट्रेशनमधला फरक किती महिने बघता ते खाली लिहा, ट्रकमध्ये चेसिस आधी जाते आणि बॉडी नंतर बांधतात त्यामुळे तिथे उशीर जास्त धरावा लागत असणार.