वरमालेसाठी मागवलेला रेझिनचा संच : माल उत्तम, माहितीपत्रक अपुरे

भाचीचे लग्न एप्रिलच्या अखेरीस झाले आणि तिची वरमाला रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट झाल्यावर काचेसारख्या दिसणाऱ्या पारदर्शक द्रवात, जतन करून चौकटीत बसवून देण्याचे मी आपणहून कबूल केले. त्यासाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 2,150 रुपयांचा जो संच मागवला, त्याविषयीचा हा अभिप्राय आहे. खोक्यात 1000 मिलिलिटर एपॉक्सी रेझिन, 500 मिलिलिटर हार्डनर (रेझिनमध्ये मिसळून ते घट्ट करणारा द्रव), 25 सेंटिमीटर बाजूचा चौकोनी सिलिकॉनचा साचा, फुले वाळवण्यासाठी एक किलो निळी सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे), प्लास्टिकचे दोन मग, ढवळायला लाकडी पट्ट्या, हातमोजे आणि एक पानी माहितीपत्रक एवढ्या वस्तू होत्या. किमतीच्या मानाने माल चांगला आहे, हे आरंभीच सांगते. तक्रार आहे ती त्या एका पानाविषयी, आणि ती किरकोळ नाही.

सिलिका जेलचे काम चोख झाले. हवाबंद डब्यात तळाशी तिचा थर, त्यावर सुट्या केलेल्या पाकळ्या आणि वरून पुन्हा हळुवार ओतलेला थर, अशी मांडणी केल्यावर गुलाबाच्या पाकळ्या सहा दिवसांत कागदासारख्या कोरड्या झाल्या. लाल गुलाब वाळल्यावर काळपट मरून होतोच, त्याला इलाज नाही. निशिगंधाने मात्र वेळ घेतला, कारण त्याच्या कळीचा देठ मांसल असतो आणि वरून वाळलेली दिसणारी कळी आत ओलीच राहते. देठ वाकवल्यावर कट् असा आवाज होऊन तुटला, तरच ती रेझिनमध्ये घालावी. ओलसर राहिलेले फूल काही आठवड्यांत तपकिरी पडते आणि ओतकामाच्या वेळी त्यातून बुडबुडेही सुटत राहतात. ओलावा शोषून गुलाबी झालेले दाणे ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर तापवले की पुन्हा निळे होतात आणि वापरता येतात. हा निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो व त्याची धूळ श्वासावाटे आत जाणे घातक आहे, त्यामुळे स्वयंपाकाचा ओव्हन या कामाला वापरू नये. बाजारात कोबाल्टविरहित नारिंगी दाणेही मिळतात. घरगुती ग्राहकांसाठीच्या संचात विक्रेत्याने तेच द्यायला हवे होते.

आता रेझिनकडे वळते. पत्रकावर प्रमाण फक्त ‘2:1’ असे छापलेले आहे. ते वजनाने घ्यायचे की मापाने, याचा कोठेही उल्लेख नाही. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन 20 ग्रॅम रेझिनमध्ये 10 ग्रॅम हार्डनर मिसळला आणि चाचणी म्हणून किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची एक छोटी पट्टी ओतली. दोन दिवसांनीही तिच्यावर नखाची खूण उमटत होती आणि पृष्ठभाग चिकट होता. तेव्हा बाटल्या नीट पाहिल्या. दोन्हींवर आकडे मिलिलिटरमध्ये होते, म्हणजे प्रमाण मापाचे होते. मग मोजपात्रात दोन्हींचे शंभर-शंभर मिलिलिटर घेऊन वजन केले. रेझिन 114 ग्रॅम भरले आणि हार्डनर 96 ग्रॅम. याचा अर्थ वजनाने मिसळायचे असेल, तर 100 ग्रॅम रेझिनला 42 ग्रॅम हार्डनर लागतो आणि मी 50 ग्रॅमच्या हिशेबाने घातला होता. हार्डनर जास्त पडल्याने रेझिन लवकर वा अधिक घट्ट होत नाही. जोडीला रेझिनचे रेणू न मिळालेला हार्डनर तसाच आत राहतो आणि वस्तू मऊ राहते. एवढे नुकसान 30 ग्रॅमवर निभावले.

खरा अपघात त्यानंतरचा. 25 सेंटिमीटरचा साचा 12 मिलिमीटर भरायचा, तर 750 मिलिलिटर मिश्रण लागते. मी 570 ग्रॅम रेझिन आणि 240 ग्रॅम हार्डनर एकाच मगमध्ये घेतले. पत्रकात ‘काम करण्याचा अवधी 40 मिनिटे’ असे ठळक अक्षरांत दिलेले असल्याने मला घाई वाटत नव्हती. बुडबुडे शिरू नयेत म्हणून सात-आठ मिनिटे सावकाश ढवळले, कडा आणि तळ खरवडून घेतला, आणि अडकलेली हवा वर यावी म्हणून मग टेबलावर तसाच ठेवून पाकळ्यांची शेवटची मांडणी करू लागले. जळगावातला मे महिना, दुपारचे साडेतीन वाजलेले. गच्चीलगतच्या त्या खोलीत भिंतीवरचा तापमापक 39 अंश दाखवत होता.

सुमारे पंधराव्या मिनिटाला मग उचलायला गेले, तर हातमोज्यातूनही चटका बसला. पट्टी आत घातली, तर ती मधात नव्हे, गुळाच्या पक्क्या पाकात फिरवावी तशी जड फिरली, आणि बघता बघता मध्यभागी पिवळसर डाग उमटून तिथून धूर निघू लागला. वास तिखट होता, डोळे चुरचुरले. मगाची एक बाजू मऊ पडून बाहेर झुकू लागली. मी खिडकी उघडली, श्वास रोखून सांडशीने मगाची कड धरली आणि तो गच्चीतल्या शहाबादी फरशीवर, कपडे व कुंड्या यांच्यापासून दूर नेऊन ठेवला. जवळजवळ अर्धा तास त्यातून धूर येत होता. संध्याकाळी त्या जागी मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र, तडकलेला, चहाच्या रंगाचा 810 ग्रॅमचा गोळा होता आणि मगाचे प्लास्टिक त्याला कातडीसारखे चिकटले होते. पाकळ्या साच्यात सुरक्षित होत्या, कारण त्यांच्यावर अद्याप एक थेंबही ओतलेला नव्हता. आणखी दोन मिनिटे आधी ओतायला घेतले असते, तर भाचीची वरमाला त्या गोळ्यात गेली असती, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

असे का होते, ते समजून घेणे या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला गरजेचे आहे. रेझिन आणि हार्डनर यांचा संयोग होताना उष्णता बाहेर पडते. कळीचा चुना विरवताना रांजण तापतो, तसाच हा प्रकार. मिश्रण पसरट साच्यात पातळ असेल, तर ही उष्णता पृष्ठभागावरून निघून जाते. उभ्या मगात दाटून असेल, तर मधली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. तापलेले मिश्रण अधिक वेगाने संयोग पावते, त्यामुळे आणखी तापते आणि हे चक्र आपल्या हातात राहत नाही. स्थूलमानाने तापमान 10 अंशांनी वाढले की हाताशी असलेला अवधी निम्म्यावर येतो. म्हणूनच ‘40 मिनिटे’ या आकड्याला, तो किती वजनाच्या मिश्रणासाठी आणि किती तापमानाला मोजला आहे, हे सांगितल्याशिवाय काहीही अर्थ नसतो.

मी विक्रेत्याला फोन केला. बोलणारी व्यक्ती सौजन्याने बोलली आणि तासाभरात व्हॉट्सॲपवर उत्पादनाचे तांत्रिक माहितीपत्रक पाठवले. त्यात सारे काही होते. अवधी 40 मिनिटे, तो 100 ग्रॅम मिश्रणासाठी, 25 अंश तापमानाला. एका वेळी जास्तीत जास्त 6 मिलिमीटरचा थर. प्रमाण मापाने 2:1, वजनाने 100:42. मी मोजपात्रात खटपट करून काढलेला आकडा त्या कागदावर आधीपासून छापलेला होता. माहिती उपलब्धच नसती, तर मी समजू शकले असते; पण ती विक्रेत्याकडे होती आणि खोक्यात घातलेल्या पानावर मात्र सजावटीच्या फुलांची चित्रे होती. नवख्या माणसाच्या घरात दीड किलोहून अधिक रसायन देताना हे तीन आकडे गाळणे मला अक्षम्य वाटते.

हातमोज्यांबद्दलही लिहिणे भाग आहे. संचात पॉलिथिनचे, खानावळीत वाढपी घालतात तसे पातळ मोजे आहेत. ते बोटांवरून सरकतात आणि फाटतात. हार्डनर त्वचेला वारंवार लागल्यास त्याची ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडलेली ॲलर्जी बहुधा कायमची राहते, म्हणून नायट्राइलचे मोजे वेगळे विकत घ्यावेत. बाटलीवर ‘कधीही पिवळे पडत नाही’ असा दावा आहे. तोही मला मान्य नाही. अतिनील किरणांनी एपॉक्सी हळूहळू पिवळे होतेच. त्यात मिसळलेली द्रव्ये तो काळ फक्त लांबवतात. चौकट उन्हाच्या भिंतीवर लावू नये, असे मी भाचीला बजावून ठेवले आहे.

एवढे होऊनही मी पुन्हा तेच रेझिन मागवले, या वेळी फक्त दोन बाटल्या, 1,450 रुपयांना. कारण योग्य रीतीने वापरल्यावर हा माल खरोखर चांगला आहे. पहाटे पाचला, खोली 29 अंशांवर असताना, 190 ग्रॅम रेझिन आणि 80 ग्रॅम हार्डनर एवढेच घेतले, ढवळून ते लगेच दुसऱ्या स्वच्छ मगात उतरवले आणि पुन्हा ढवळले, म्हणजे कडेला न मिसळलेले काही राहत नाही. साचा पाणसळ लावून समतल केला होता. पहिला 4 मिलिमीटरचा थर साचून बोटाला किंचित चिकटेल इतपत घट्ट झाल्यावर त्यावर पाकळ्या मांडून दुसरा ओतला, आणि तिसरा त्याच अंदाजाने त्या रात्री उशिरा. साचा मुळीच तापला नाही. तिसऱ्या दिवशी साच्यातून काढलेला ठोकळा काचेसारखा निघाला. निशिगंधाच्या पाकळीवरच्या शिरासुद्धा मोजता येतात. थरांच्या सांध्यांची रेघ कडेने पाहिल्याशिवाय दिसत नाही. साच्याला चमक आहे आणि दोनदा वापरूनही त्याची कड फाटलेली नाही.

पारदर्शकता, घट्टपणा आणि किंमत यांसाठी या रेझिनला मी पाचपैकी चार देईन. संच म्हणून मात्र दोनच, आणि तेही फोनवर मिळालेल्या तत्पर प्रतिसादामुळे. फोनवर त्यांनी तांत्रिक पत्रक यापुढे खोक्यात घालण्याचे आश्वासन दिले होते. बारा दिवसांनी आलेल्या दुसऱ्या खोक्यात तेच फुलांच्या चित्रांचे पान होते.