नवा लायनर-लॉक की जुनी कडी: राबवायला कुठला चाकू घ्यावा?

तीन आठवडे दोन घडीचे चाकू बरोबर बाळगले आणि मुद्दाम दामटून वापरले. नवा जाडजूड आहे: साडेतीन मिलिमीटर पाठीचं डी-२ या कठीण हत्यारी पोलादाचं पातं, जी-१० ची (काचतंतू आणि राळेच्या थरांची) खरखरीत मूठ, लायनर-लॉक (उघडं पातं मिटू नये म्हणून मुठीच्या आतून त्याच्या बुडाखाली सरकणारी पोलादी पट्टी), खिशाला अडकवायची क्लिप. जुना म्हणजे ओपिनेल नंबर ८, जुन्या धाटणीचा फ्रेंच चाकू; त्याचं पातं मुठीवरची फिरती कडी अडवून धरते. साधं कार्बन पोलाद, बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, वजन जेमतेम ४५ ग्रॅम. नवा त्याच्या तिप्पट भरतो. दोघांतला एकच घ्यायचा असेल, तर आधी आपल्याला कापायचं काय आहे ते ठरवा, असं मी आता ठामपणे सांगेन.

पहिला फरक पुठ्ठ्यावर दिसला. ओपिनेलचं पातं पाठीपाशीसुद्धा दोन मिलिमीटरपेक्षा पातळ, आणि तिथून थेट धारेपर्यंत निमुळतं होत जातं. ते पुठ्ठ्यातून सरकतं. नव्याची धार तेवढीच तीक्ष्ण होती, पण मागचा जाड भाग पाचरीसारखा अडतो. पुठ्ठा फाकतो, पातं रुततं, मनगटाला जोर लावावा लागतो. दुहेरी पुठ्ठ्याचे पंधरा-वीस खोके उलगडल्यावर माझ्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला तो नव्यामुळेच. भारी पोलाद म्हणून तो जास्त चांगला कापेल असं मी धरून चाललो होतो. पण पोलादावर धार किती टिकते ते अवलंबून असतं. पातं किती सहज शिरेल ते जाडी ठरवते.

टिकण्यात मात्र नवा सरस आहे, हे मान्यच करायला हवं. डी-२ मध्ये साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं, त्यांचे कठीण कण धार धरून ठेवतात. नायलॉनची दोरी कापून कापून ओपिनेल संध्याकाळपर्यंत बोथट झाला, नवा चौथ्या दिवशीही कागद चिरत होता. धार लावताना हेच पारडं उलटं फिरतं. ओपिनेलला साध्या दगडावर पाच मिनिटं पुरतात. डी-२ ला साधा दगड लवकर लागत नाही. हिऱ्याची पट्टी आणली, तरी अर्धा तास गेला.

आणि एक चूक माझीच. प्लायवूडमध्ये रुतलेलं नव्याचं पातं सरळ मागे ओढायचं सोडून मी ते पिळून काढलं. आता नखावर धार टेकवून अलगद सरकवली की दोन जागी खट्‌ लागतं. बारीक टवके उडालेत. त्याच प्लायवूडवर ओपिनेलची धार नुसती वळली होती, दगडावर सरळ झाली.

गंजाबद्दल थोडक्यात: ओपिनेल ओला ठेवला तर सकाळी नारिंगी ठिपके दिसणारच. पण डी-२ म्हणजे स्टेनलेस असं समजू नका. त्यातलं बरंचसं क्रोमियम त्या कठीण कणांतच अडकून राहतं, त्यामुळे माझ्या नव्या पात्यावरही डाग आलेच. ओपिनेलला पाण्याचा आणखी एक जाच आहे. लाकूड फुगतं आणि पातं आत घट्ट बसतं. मुठीचं मागचं टोक कडक जागी ठोकलं की पातं नखात धरता येईल इतकं वर येतं. ही युक्ती शिकल्याशिवाय तो पावसात नेऊ नका.

लॉकबद्दल जास्त बोलायला हवं, कारण इथे बोटांचा प्रश्न आहे. ओपिनेलची फिरती कडी १९५५ मध्ये आली. ती हाताने फिरवावी लागते आणि दोन्ही हात गुंततात. जाड हातमोजे घालून मला ते जमलंच नाही. पण एकदा फिरवली की ती पात्याच्या बुडाशी आडवी उभी राहते, आणि लागली आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. लायनर-लॉक मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आजच्या रूपात आणला. एका हाताने उघडतो, मिटतो. मात्र मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, आणि पोलादी पट्टी लागली की नाही ते मुठीत वाकून बघावं लागतं. पाचव्या दिवशी माझ्या नव्या चाकूचा बिजागरीचा स्क्रू सैल होऊन पातं डगमगायला लागलं. स्क्रू आवळून निळं थ्रेडलॉक (स्क्रू पुन्हा सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावलं, तेव्हापासून ठीक आहे. त्याहून जास्त घाबरवलं ते वाळूने. मुठीत कचरा साचला आणि पट्टी पात्याच्या बुडाखाली पुरती सरकेना, नुसती कडेवर टेकली. तसाच जोर लावला असता तर पातं बोटांवर मिटलं असतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी फुंकर मारतो आणि ब्रशने आतला भाग झाडतो.

तेव्हा खोके, दोर, लाकूड तासणं हे रोजचं असेल आणि दोन्ही हात मोकळे असतील, तर ओपिनेल घ्या. शिडीवर, हातमोज्यांत, एका हाताने काम करायचं असेल आणि धार लावायला रोज वेळ नसेल, तर नवा. उचकटायला दोन्हींतला एकही नको, त्यासाठी पहार आहे.

नव्या धाटणीचा घेणार असाल तर विकत घेण्याआधी एवढं करा: चाकू झटक्यात उघडा, पट्टी पात्याच्या बुडाखाली कुठवर सरकली ते उजेडात बघा, मग पातं डावी-उजवीकडे हलवून पाहा. पट्टी जेमतेम कडेवर टेकत असेल तर तो नग परत ठेवा आणि दुसरा मागा.