सांगलीतील एक नवजात अतिदक्षता विभाग: मेंदूतील रक्तस्रावानंतरची देखरेख

माझ्या भाचीचे बाळ २८व्या आठवड्यात, जेमतेम ११०० ग्रॅम वजनाचे जन्मले आणि सांगलीतील एका खासगी रुग्णालयात बरेच दिवस काचेत होते. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतील नाजूक रक्तवाहिन्या फुटण्याचा धोका पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक असल्याने येथे लक्षणांची वाट न पाहता टाळूवरून सोनोग्राफी करतात. यंत्र पेटीजवळच आणले जाते आणि जेलसुद्धा कोमट करून लावतात.

रक्तस्राव चारपैकी तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे गंभीर निघाला. त्यानंतर डॉक्टरांनी ज्या सविस्तरपणे समजावले, त्यासाठी या विभागाला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीत डोक्यात पाणी होण्याची भीती थोडी असते. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत ती बरीच वाढते, कारण रक्ताच्या गुठळ्यांनी मेंदूतील द्रवाची वाट अडते आणि तो द्रव असलेल्या मेंदूतील पोकळ्या फुगू लागतात. बाळ जितके अपुऱ्या दिवसांचे, तितका धोका अधिक, आणि जंतुसंसर्ग झाल्यास त्यात भर पडते. प्रसूतीपूर्वी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने मिळाल्यास मुळात रक्तस्रावाचीच शक्यता घटते. भाचीला ती मिळाली होती का, हे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले.

परिचारिका टेपने डोक्याचा घेर मोजून तक्त्यावर लिहीत असत. तरीही डॉक्टर केवळ त्या आकड्यावर विसंबले नाहीत, कारण पोकळ्या आधी फुगतात आणि घेर मागाहून वाढतो. म्हणून सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करून पोकळ्यांची रुंदी आधीच्या मापाशी ताडून पाहिली जाई. आमच्या बाळाच्या पोकळ्या पुढे स्थिरावल्या. शंट (डोक्यातील जादा पाणी शरीरात दुसरीकडे, बहुधा पोटात, वाहून नेणारी नळी) लागला असता, तर तो बहुधा वजन दोन-अडीच किलो झाल्यावरच बसवतात आणि तोवर साठलेले पाणी अधूनमधून काढत राहावे लागते, हेही त्यांनी न लपवता सांगितले होते.

उणीव आहे ती घरी सोडतानाची. डिस्चार्ज कार्ड संपूर्ण इंग्रजीत होते आणि टाळू फुगणे, वारंवार उलट्या, नजर खाली झुकलेली राहणे ही धोक्याची चिन्हे आम्ही विचारल्यावर तोंडी सांगण्यात आली. जत-आटपाडीकडून येणाऱ्या आईबापांसाठी एवढा कागद मराठीत छापणे काही अवघड नाही. प्रत्येक सोनोग्राफीचे पैसे वेगळे लागतात, त्यामुळे दाखल करतानाच तो हिशेब लिहून मागावा.