ओपनकॉस्ट: क्लस्टरचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा ते सांगणारं टूल

क्लाउडचं बिल मशीनचं येतं, टीमचं येत नाही. त्यात कुबरनेटिस (अनेक मशीनच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, ॲप चालवणारी सिस्टिम) असेल तर विचारूच नका, एकाच नोडवर (त्यातल्या एका मशीनवर) चार टीमचे पॉड (चालू ॲपचे छोटे डबे) दाटीवाटीनं बसलेले, प्रोव्हायडरच्या टॅगवरून फार तर त्या नोडचा खर्च कळतो पण त्यातला पेमेंटवाल्यांचा किती आणि सर्चवाल्यांचा किती हे काही कळत नाही. ओपनकॉस्ट नेमकं हेच सांगतं, आणि फुकटात. कुबकॉस्ट कंपनीवाल्यांनी सुरू केलेला ओपन सोर्स प्रोजेक्ट, २०२२ पासून सीएनसीएफकडे (असे क्लाउडचे ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणारी संस्था) आहे. हेल्मने (कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवायचं टूल) टाकायचं, खाली प्रोमिथियस (वापराचे आकडे गोळा करून ठेवणारं टूल) लागतो, बस.

मला सगळ्यात आवडली ती हिशोबाची पद्धत. पॉडने मागितलेलं सीपीयू-मेमरी आणि खरंच वापरलेलं, यात जे जास्त त्याचे पैसे लावतं. म्हणजे चार कोर रिक्वेस्ट करून अर्धा वापरला तरी चारचेच लागणार, रुमाल टाकून जागा धरलीत ना मग तिकीट काढा! "आमची सर्व्हिस तर काही वापरतच नाही" म्हणणाऱ्या टीमची बोलती इथे बंद होते आणि लोक आपणहून रिक्वेस्ट कमी करायला लागतात.

खरी भांडणं आयडलवरून होतात. नोडवरची जी जागा कोणीच मागितली नाही ती वेगळी दिसते, हवं तर सगळ्यांत वाटता येते. माझं मत विचाराल तर वाटू नका, प्लॅटफॉर्म टीमच्याच नावावर ठेवा, कारण नोड केवढा घ्यायचा हे ॲपवाल्यांच्या हातात नसतं, उगाच त्यांच्या माथी कशाला.

नेमस्पेसप्रमाणे (क्लस्टरचे पाडलेले कप्पे) आकडे लगेच मिळतात. टीमप्रमाणे हवे असतील तर पॉडवर लेबल (टीमच्या नावाच्या चिठ्ठ्या) पाहिजेत, नाहीतर अनअलोकेटेड नावाचा भलामोठा ढीग दिसतो आणि त्याला कोणी वाली नसतो. लेबल नसलेलं डिप्लॉयमेंट कायव्हर्नोसारख्या पॉलिसी टूलने दारातच अडवलेलं बरं, विनंतीचे मेल पाठवून कोणी लेबल लावत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सुरुवातीला भाव लिस्ट प्राइसचे धरतं, तुम्ही रिझर्व्हड (आधी करार करून स्वस्तात) घेतलंय, डिस्काउंट आहे, ते बिलिंग डेटा जोडल्याशिवाय त्याला कळत नाही, त्यामुळे फायनान्सच्या आकड्याशी बेरीज जुळत नाही आणि पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी तेवढंच धरून बसतो. तेव्हा आधी ते जोडा, मग दाखवा. क्लस्टरबाहेरचा डेटाबेस, स्टोरेज यांचंही तेच, वेगळं कॉन्फिगर करावं लागतं. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो, महिन्याचा रिपोर्ट हवा तर आधीच वाढवून घ्या. यूआय अगदीच साधं आहे, अलर्ट वगैरेसाठी ग्राफाना (डॅशबोर्डचं टूल) लावायला लागतो.

तरी पाचपैकी चार. फक्त एकच टीम आणि एकच ॲप असेल तर याच्या नादी लागू नका, प्रोव्हायडरचं स्वतःचं कॉस्ट पेज पुरतं.